जिमी रॉबर्ट्स आणि नेपाळमधील पायी प्रवास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एव्हरेस्ट बेस कॅम्प किंवा अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या वाटेवर दर हंगामात मराठी बोलणे कानांवर पडते. पुण्या-मुंबईकडच्या गटांनी या वाटा आता आपल्याशा केल्या आहेत. मात्र सिरदार (तांड्याचा कारभारी), आचारी, भरिया (हमाल), तंबू आणि ठरलेले मुक्काम अशी जी व्यवस्था आपण गृहीत धरतो, ती कोणी आणि कशी उभी केली, याची फारशी विचारपूस होत नाही. तिकडे जाऊन आलेल्यांकडून आणि जाऊ इच्छिणाऱ्यांकडून लेफ्टनंट कर्नल जिमी रॉबर्ट्स यांच्याविषयी जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

जिमी रॉबर्ट्स कोण होते?

जेम्स ओवेन मेरियन रॉबर्ट्स हे त्यांचे पूर्ण नाव. गिर्यारोहणाच्या नियतकालिकांत ते जे. ओ. एम. रॉबर्ट्स म्हणून आढळतात. काठमांडू आणि पोखऱ्यात मात्र ते ‘कर्नल जिमी’ होते. 21 सप्टेंबर 1916 रोजी त्यांचा जन्म भारतातच झाला, शिक्षण इंग्लंडमध्ये झाले, आणि सँडहर्स्टच्या लष्करी प्रबोधिनीतून बाहेर पडल्यावर ते गुरखा पलटणीत अधिकारी म्हणून रुजू झाले. सैन्य, गिर्यारोहण, काही काळ दूतावास आणि शेवटी पदभ्रमणाचा व्यवसाय असा त्यांच्या आयुष्याचा क्रम आहे. 1 नोव्हेंबर 1997 रोजी पोखऱ्यात त्यांचे निधन झाले. पैसे भरून येणाऱ्या सामान्य पाहुण्यांना हिमालयातून पायी हिंडवून आणणारी नेपाळमधील पहिली संस्था त्यांनी 1964 साली काढली, म्हणून त्यांना नेपाळच्या ट्रेकिंगचे जनक म्हटले जाते.

गुरखा पलटणीतील नोकरीचा पुढच्या कामाशी काय संबंध?

फार जवळचा. गुरखा पलटणीतील अधिकाऱ्याला नेपाळी बोलता येणे आवश्यकच होते, कारण त्याच्या हाताखालचे जवान प्रामुख्याने मध्य नेपाळच्या डोंगरातले गुरुंग आणि मगर, तर काही पलटणींत पूर्वेकडचे राई आणि लिंबू असत. नेपाळची दारे तेव्हा परदेशीयांना जवळपास बंद होती. गुरखा अधिकारी आपल्या जवानांच्या गावांची वर्णने वर्षानुवर्षे ऐकत, पण ती गावे पाहण्याची मुभा त्यांनाही नव्हती. रॉबर्ट्स यांच्या मनात पोखरा आणि त्याच्या माथ्यावरचे माछापुच्छ्रे हे शिखर अशा ऐकीव वर्णनांतूनच घर करून बसले, आणि ते दर्शन घडायला 1950 साल उजाडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात ते हवाई छत्रीधारी गुरखा तुकडीत होते. जुलै 1942 मध्ये एका लहान तुकडीसह त्यांना जपानी सैन्याने व्यापलेल्या उत्तर ब्रह्मदेशात विमानातून उतरवण्यात आले आणि तिथून जंगलातून पायी चालत ते फोर्ट हर्ट्झपर्यंत पोहोचले. त्यांना मिलिटरी क्रॉस हा शौर्यसन्मान मिळाला. थोड्या माणसांनिशी, मोजक्या शिध्यावर, अनोळखी मुलखातून चालत जाण्याचे गणित त्यांनी अशा ठिकाणी शिकले जिथे चूक परवडणारी नव्हती, आणि पुढे पाहुण्यांना घेऊन जाताना तेच गणित त्यांच्या कामी आले असावे, असे मला वाटते.

गिर्यारोहक म्हणून त्यांची कामगिरी कोणती?

एकवीस वर्षांचे असताना 1938 मध्ये ते काराकोरममधील 7821 मीटर उंचीच्या माशेरब्रुम शिखराच्या मोहिमेत होते. त्या मोहिमेला शिखर मिळाले नाही आणि दोघा सहकाऱ्यांना हिमदंशाने जबर इजा झाली. 1941 मध्ये त्यांनी कुल्लू भागातील धर्मसुरा, म्हणजेच ‘व्हाइट सेल’, सर केले. 1950 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक बिल टिलमन यांच्यासोबत ते अन्नपूर्णेच्या उत्तरेकडील मनांग भागात गेले, आणि 1954 मध्ये आंग न्यिमा शेर्पा यांच्या साथीने पुथा हिउंचुली या 7246 मीटर उंचीच्या शिखरावर पहिले पाऊल ठेवले. 1960 मध्ये ब्रिटिश, भारतीय आणि नेपाळी सेनादलांची संयुक्त मोहीम त्यांच्या नेतृत्वाखाली अन्नपूर्णा-2 या 7937 मीटर उंचीच्या शिखरावर गेली. 17 मे रोजी ख्रिस बॉनिंग्टन, रिचर्ड ग्रँट आणि आंग न्यिमा हे तिघे माथ्यावर पोहोचले. नेता खालीच राहिला.

हे ‘खाली राहणे’ त्यांच्या आयुष्यात वारंवार आलेले दिसते, आणि माझ्या मते त्यांना समजून घेण्याची किल्ली तिथेच आहे. ज्याला शिखर मिळते त्याच्या आठवणीत शिखर उरते. ज्याला अनेकदा मधूनच परतावे लागते किंवा इतरांच्या सामानाची व्यवस्था पाहत खालच्या तळावर थांबावे लागते, त्याच्या लक्षात वाट, गावे, माणसे आणि मुक्काम राहतात. रॉबर्ट्स यांनी पुढे जगापुढे मांडले ते हेच.

1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते होते का?

चढाईच्या संघात ते नव्हते. प्राणवायूच्या नळकांड्यांची दुसरी खेप काठमांडूहून एव्हरेस्टच्या वाटेवरील तेंगबोचेपर्यंत सुखरूप पोहोचवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ती पार पाडून झाल्यावर परतीची घाई न करता ते मोजक्या शेर्पांसह आसपासच्या अनोळखी खोऱ्यांत शिरले, आणि 20 मे 1953 रोजी, म्हणजे तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर पोहोचण्याच्या नऊ दिवस आधी, सेन तेनसिंग यांच्यासोबत मेरा शिखरावर गेले. नेपाळमधील ‘ट्रेकिंग पीक’ प्रकारातले, म्हणजे सोप्या परवान्यावर चढता येणाऱ्या शिखरांतले, हे सर्वांत उंच समजले जाते आणि ते सुमारे 6476 मीटर उंच आहे. आज महाराष्ट्रातून गिर्यारोहणाचे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेले अनेक जण पहिल्या मोठ्या उंचीसाठी हेच शिखर निवडतात. सेन तेनसिंग हेही साधे नाव नव्हे: 1951 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर टिपलेली ‘यती’च्या पावलांची प्रसिद्ध छायाचित्रे ज्या फेरीतली, त्या फेरीत सेन तेनसिंग शिप्टनबरोबर होते.

माछापुच्छ्रे शिखराची गोष्ट काय आहे?

पोखऱ्याच्या फेवा तलावात ज्याचे प्रतिबिंब पडते ते माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले 6993 मीटरचे शिखर म्हणजे माछापुच्छ्रे. ते स्थानिकांसाठी पवित्र आहे. 1956 मध्ये रॉबर्ट्स त्याच्या पाहणीसाठी मोदी खोला या नदीच्या अरुंद घळीतून वर गेले आणि चारी बाजूंनी हिमशिखरांनी वेढलेल्या त्या कढईसारख्या पात्रात शिरणारे ते पहिले परदेशी ठरले. आज आपण ज्याला अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक म्हणतो, तो याच घळीतून जातो. गुरुंग लोकांच्या परंपरेने या क्षेत्रात मांस, अंडी आणि स्त्रियांचा प्रवेश निषिद्ध होता. यातला शेवटचा निर्बंध आता उरलेला नाही, पण वरच्या भागातील मुक्कामांत मांस न शिजवण्याचा रिवाज अजून पाळला जातो, आणि चार दिवस डाळभातावर काढावे लागल्याची तक्रार करणाऱ्या आपल्या मंडळींनी त्याचे कारण जाणून घेतलेले बरे.

1957 मध्ये रॉबर्ट्स यांच्याच नेतृत्वाखाली मोहीम आली. चमूतील एका सदस्याला पोलिओने गाठले आणि त्याला खाली आणण्यात, उपचारांकडे पोहोचवण्यात शक्ती खर्च झाली. विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे दोघे 2 जून रोजी माथ्यापासून अवघ्या पन्नासेक मीटरांवर पोहोचले, पण समोरच्या कठीण बर्फाच्या धारा आणि बिघडणारे हवामान पाहून तिथूनच मागे फिरले. त्यानंतर नेपाळ सरकारने हे शिखर चढाईसाठी बंद केले.

‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था कशी सुरू झाली?

1958 मध्ये रॉबर्ट्स काठमांडूतील ब्रिटिश दूतावासात पहिले लष्करी सहकारी (मिलिटरी अटॅशे) म्हणून नेमले गेले. नोकरीच्या निमित्ताने त्यांना देशभर हिंडता आले. 1963 मध्ये नॉर्मन डायरेनफर्थ यांच्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेच्या वाहतुकीची जबाबदारी त्यांनी घेतली. नऊशेहून अधिक भरिया, त्यांच्या पाठीवरचे काही टन सामान, काठमांडूजवळून एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागापर्यंतची अनेक आठवड्यांची चाल आणि वाटेत रोज एवढ्या माणसांच्या शिध्याची सोय, असा तो व्याप होता. तो पाहताना त्यांच्या लक्षात आले असावे की मोहिमेतल्या अनेकांना सर्वांत सुखाचे दिवस शिखरावर नव्हे, तर या चालण्यात मिळतात. मग शिखर वगळून नुसती चाल लोकांना का देऊ नये?

1964 मध्ये त्यांनी काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ची नोंदणी केली आणि अमेरिकेतल्या एका प्रवासविषयक मासिकात छोटी जाहिरात दिली. 1965 च्या वसंतात पहिला गट आला. तो होता तीन अमेरिकन महिलांचा, आणि त्या कोणी गिर्यारोहक नव्हत्या. एव्हरेस्टच्या दिशेने गेलेल्या त्या तिघींनी जी जोखीम पत्करली, तिच्याविषयी मला नेहमी आदर वाटतो. त्या वेळी वाटेवर ना लॉज होते, ना नकाशे विकणारी दुकाने, ना गरज पडल्यास येणारे हेलिकॉप्टर.

त्यांच्या पद्धतीत नवे असे काय होते?

तंबू, हमाल आणि आचारी हे सगळे आधीपासून होतेच. ते होते मोहिमांसाठी आणि संस्थानिकांच्या शिकारीसाठी. रॉबर्ट्स यांनी ती व्यवस्था सुटसुटीत करून, तिला ठरावीक रोजच्या क्रमात बसवून, ठरलेल्या शुल्कात सामान्य माणसापुढे ठेवली. सकाळी तंबूच्या दाराशी चहा, मग हात-तोंड धुण्यासाठी कोमट पाण्याचे घमेले, न्याहारी, आणि ऊन वाढण्याच्या आत चालायला सुरुवात. पाहुणे फुले, पाखरे, मंदिरे बघत सावकाश चालत असताना आचारी आणि त्याचे मदतनीस मागून येऊन पुढे निघून जात आणि दुपारचे जेवण वाटेत तयार ठेवत. संध्याकाळी पाहुणे पोहोचायच्या आत तंबू उभे असत. या सगळ्याचा कारभारी म्हणजे सिरदार. आपल्या ‘सरदार’ शब्दाचाच हा भाऊ, फक्त डोंगरात त्याच्या हाती तलवारीऐवजी हिशेबाची वही आली.

भरिया आपले ओझे डोको नावाच्या वेताच्या किंवा बांबूच्या टोपलीत घेतो आणि ती टोपली कपाळावरून घेतलेल्या नाम्लो या पट्ट्यावर तोलतो. अशा वीस-पंचवीस माणसांचा तांडा रोज नवीन गावी पोहोचला की तिथे जळण, भाजी, बटाटे, कोंबड्या यांची खरेदी होई, आणि अशा रीतीने पर्यटनाचा पैसा काठमांडूच्या हॉटेलांपुरता न राहता वाटेवरच्या गावांपर्यंत पोहोचू लागला.

ही कल्पना नेमकी त्याच काळात का रुजली?

याला तीन घडामोडी एकत्र आल्या, आणि त्यांतली एकही रॉबर्ट्स यांच्या हातची नव्हती. पहिली, 1951 मध्ये राणा घराण्याच्या वंशपरंपरागत पंतप्रधानांची सत्ता संपून नेपाळ बाहेरच्यांसाठी खुला होऊ लागला. दुसरी, 1959 नंतर तिबेटच्या सीमेवर चिनी नियंत्रण कडक झाले आणि नांगपा ला खिंडीतून चालणारा शेर्पांचा पिढीजात व्यापार आटत गेला; मीठ, लोकर आणि धान्याची देवघेव करणाऱ्या कुटुंबांना उत्पन्नाचा दुसरा मार्ग हवा होता. तिसरी सर्वांत चमत्कारिक आहे. राजकीय कारणांनी नेपाळ सरकारने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात काही वर्षे गिर्यारोहण मोहिमांवर बंदी घातली. शिखरे बंद झाली, मोहिमा थांबल्या, मोहिमांवर जगणारे शेर्पा रिकामे झाले. पण पायवाटा खुल्याच होत्या. ज्या व्यवसायाला शिखराची गरजच नव्हती, तोच तेवढा तगला. 1964 मध्येच एडमंड हिलरी यांनी आपल्या शाळा आणि रुग्णालयाच्या कामासाठी लुक्ला येथे धावपट्टी बांधवून घेतली होती, आणि काही वर्षांतच ती ट्रेकर्सची मुख्य उतरण्याची जागा झाली.

अधिकृत आकडेवारीनुसार 1962 मध्ये संपूर्ण नेपाळमध्ये 6,179 पर्यटक आले होते. 2019 मध्ये ही संख्या सुमारे 11 लाख 97 हजार झाली.

नेपाळच्या पर्यटनाचे जनक तर बोरिस लिसानेविच आहेत ना?

दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत. बोरिस लिसानेविच हे ओडेसात जन्मलेले बॅले नर्तक. रशियन क्रांतीनंतर युरोप आणि आशियाभर हिंडत ते कोलकात्यात स्थिरावले आणि तिथे त्यांनी भारतीय आणि युरोपीय अशा दोघांनाही सदस्यत्व देणारा ‘300 क्लब’ चालवला. तिथे झालेल्या नेपाळच्या राजे त्रिभुवन यांच्या परिचयातून ते काठमांडूला आले, एका राणा महालात त्यांनी रॉयल हॉटेल काढले, आणि 1955 मध्ये पर्यटकांचा पहिला गट व्हिसासह तिथे उतरला. लिसानेविच यांनी पाहुण्यांना काठमांडूत आणले. रॉबर्ट्स यांनी त्यांना शहराबाहेर काढून चालायला लावले.

‘जनक’ हा मान एकट्या रॉबर्ट्स यांना देणे योग्य आहे का?

माझे प्रामाणिक उत्तर आहे, पूर्णपणे नाही. नोंदणी त्यांची, जाहिरात त्यांची, शिस्त त्यांची. पण पाऊस सुरू झाल्यावर मुक्काम कुठे हलवायचा, कोणत्या गावात जळण मिळेल, आजारी पाहुण्याला केव्हा खाली न्यायचे, हे ठरवणारे सिरदार शेर्पा होते. त्यांपैकी अनेक जण मोहिमांत तयार झालेले होते. ट्रेकिंगमध्ये मिळालेल्या अनुभवावर आणि बचतीवर शेर्पांनी पुढे स्वतःचे लॉज उभारले आणि काठमांडूत स्वतःच्या संस्था काढल्या, आणि आज हा व्यवसाय मुख्यतः नेपाळी हातांत आहे. रॉबर्ट्स यांच्या बाजूने एवढे निश्चित सांगता येते की त्यांनी या माणसांना नोकर म्हणून नव्हे, तर व्यवस्थेचे प्रमुख म्हणून पुढे ठेवले, आणि नेपाळी भाषा येत असल्याने त्यांना मध्ये दुभाषा घ्यावा लागला नाही.

पर्यटनाने डोंगराचे नुकसान झाले, त्याची जबाबदारी कोणाची?

प्रश्न रास्त आहे. सुरुवातीच्या तंबू-ट्रेकमध्ये प्रत्येक मुक्कामी लाकडे जाळली जात, आणि झाडे मुळातच संथ वाढणाऱ्या उंचीवर त्याचा ताण लवकर दिसू लागला. 1976 मध्ये एव्हरेस्ट भागात सगरमाथा (एव्हरेस्टचे नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, 1979 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तिथे ट्रेकर्सनी लाकडाऐवजी रॉकेल वापरावे असे नियम आले. अन्नपूर्णा भागात 1986 मध्ये वेगळी वाट निवडली गेली: गावकऱ्यांना हटवण्याऐवजी संवर्धनाचे काम त्यांच्याच समित्यांकडे सोपवायचे आणि प्रवेशशुल्क त्याच भागात खर्च करायचे. भरियांच्या कपड्यांचा, विम्याचा आणि ओझ्याच्या मर्यादेचा प्रश्न मात्र कितीतरी उशिरा चर्चेत आला. या बाबतीत पहिल्या पिढीच्या आयोजकांना, रॉबर्ट्स यांच्यासह, सूट देता येत नाही.

1971 च्या आंतरराष्ट्रीय एव्हरेस्ट मोहिमेशी त्यांचा काय संबंध होता?

ते डायरेनफर्थ यांच्यासोबत सहनेते होते. अनेक देशांचे नामांकित गिर्यारोहक एकत्र आणण्याचा तो प्रयोग मतभेदांत फसला. 18 एप्रिल 1971 रोजी भारताचे मेजर हर्ष बहुगुणा वादळात सापडून मरण पावले. मोठ्या मोहिमांचे युग आणि रॉबर्ट्स यांची प्रकृती ही दोन्ही तेव्हा उताराला लागली होती.

नंतरची वर्षे त्यांनी कशी घालवली?

सांध्यांच्या दुखण्यामुळे त्यांचे चालणे फार पूर्वीच मर्यादित झाले होते. ज्याने जगाला चालायला लावले त्याच्या वाट्याला हे यावे, याला काय म्हणावे! ‘माउंटन ट्रॅव्हल’ पुढे चितवनच्या जंगलातील ‘टायगर टॉप्स’ या पर्यटन लॉजशी जोडली गेली आणि ते दैनंदिन कारभारातून बाजूला झाले. पोखऱ्यात घर करून त्यांनी हिमालयातील रानकोंबड्यांच्या वर्गातले मोनाल आणि इतर फेझंट पक्षी पाळण्याचा, वाढवण्याचा छंद जोपासला. ते शेवटपर्यंत अविवाहित आणि मितभाषी राहिले.

त्यांचे लेखन कुठे वाचता येईल?

‘हिमालयन जर्नल’च्या जुन्या अंकांत. हे वार्षिक 1928 मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबचे असून क्लबचे मुख्य कार्यालय आता मुंबईत आहे, म्हणजे रॉबर्ट्स यांचे लेख शोधण्यासाठी मराठी वाचकाला लंडनला जाण्याची गरज नाही. लेखांचा सूर कोरडा आणि नेमका आहे, आणि विनोद आलाच तर बहुतेक वेळा स्वतःवरच केलेला.

आज जाणाऱ्यांसाठी काय बदलले आहे?

तंबूंची जागा बहुतेक मुख्य वाटांवर लॉजनी घेतली आहे. तंबूचा पूर्ण लवाजमा आता दूरच्या वाटांवर किंवा मेरासारख्या शिखरांसाठीच लागतो. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण उद्याने आणि संवर्धन क्षेत्रांचे परवाने लागतात. 1 एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकर्सना बहुतांश मार्गांवर परवानाधारक वाटाड्या सोबत घेण्याचा नियम करण्यात आला, मात्र त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी नसल्याने निघण्यापूर्वी त्या-त्या भागाची चौकशी करावी.

वाटेवर त्यांची एखादी खूण दिसते का?

पुतळा वगैरे शोधू नये. अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या थोडे अलीकडे, सुमारे 3700 मीटर उंचीवर, ‘एमबीसी’ नावाचा मुक्काम लागतो. त्याचा अर्थ माछापुच्छ्रे बेस कॅम्प. दरवर्षी हजारो लोक तिथे रात्र काढतात, चहा घेतात, आणि पहाटे विजेऱ्या लावून पुढे निघतात. ज्या शिखराचा हा बेस कॅम्प, त्यावर 1957 नंतर कोणत्याही मोहिमेला परवानगी मिळालेली नाही.